बायबलवर एवढा विश्वास कसा? तुम्ही विचारलंत म्हणून

रविवारी चर्चहून येताना हातात बायबल दिसलं की नाशिकच्या शरणपूर रोडला कुणीतरी थांबवून विचारतंच. ऑफिसमध्येही विचारतात. "तुम्ही शिकलेले, दोन हजार वर्षांत किती जणांनी हाताने उतरवलं असेल ते, किती बदललं असेल, आणि तुम्ही सरळ देवाचं वचन म्हणता?" प्रश्न प्रामाणिक असतो म्हणून मलाही नीट उत्तर द्यावंसं वाटतं.

माझा एक मित्र पंचवटीतला. वडिलांचे विधी झाल्यावर त्याच्यासोबत रामकुंडाजवळ त्यांच्या गुरुजींकडे गेलो होतो, गुरुजींनी आडनाव आणि गाव विचारलं, नामावळीची वही काढली आणि त्यात मित्राच्या पणजोबांचं नाव निघालं. मित्राचे डोळे भरून आले. जुनी वही जीर्ण झाली की नवीन वहीत उतरवून घेतात म्हणे. उतरवणाऱ्यावर त्याने शंका घेतली नाही, कारण ज्याला ते काम पवित्र वाटतं तो कसा उतरवतो हे त्याला घरातूनच माहीत होतं. मला तिथं उभ्या उभ्या आपलं बायबल आठवलं.

1947 च्या सुमारास मृत समुद्राजवळच्या गुहांमध्ये गुंडाळ्या सापडल्या, त्यात बायबलमधल्या यशया संदेष्ट्याचं अख्खं पुस्तक, चामड्यावर लिहिलेलं, सात मीटरहून लांब. त्याआधी हाताशी असलेल्या हिब्रू प्रतींपेक्षा ही साधारण हजार वर्षांनी जुनी! म्हणजे मधली हजार वर्षं नकलाकारांनी काय केलं ते आता शेजारी शेजारी ठेवून बघता येतं. फरक आहेत, नाही म्हणणार नाही मी, बरेचसे स्पेलिंगचे, काही शब्दांचे, 53 व्या अध्यायात एका ठिकाणी 'प्रकाश' हा शब्द जास्तीचा आहे. पण दुःख सोसणाऱ्या सेवकाचा तो अध्याय तोच आहे, आम्ही गुड फ्रायडेला वाचतो तोच. तसंच मार्काच्या शुभवर्तमानाची, म्हणजे त्याने लिहिलेल्या येशूच्या चरित्राची, शेवटची 12 वचनं चौथ्या शतकातल्या दोन सगळ्यात जुन्या पूर्ण प्रतींत नाहीत, आणि हे कुणी लपवलेलं नाही, कितीतरी आवृत्त्यांत तिथंच तळटीप असते. जिथं शंका आहे तिथं बोट ठेवून दाखवतात म्हणून उलट माझा भरवसा वाढला.

पण खरं सांगू का, प्रत बरोबर उतरवली एवढ्यावरून ते देवाचं होत नाही, नकलेचा पुरावा तिथपर्यंतच नेतो. पुढचं मी स्वतः वाचून मानलं. दावीद राजा दुसऱ्याची बायको घेतो आणि तिच्या नवऱ्याला लढाईत मारवतो, येशूचा शिष्य पेत्र कोंबडा आरवायच्या आत तीनदा त्यालाच नाकारतो, आणि ह्याच लोकांना मोठं मानणाऱ्यांनी हे सगळं जपून ठेवलं. माणसाच्या मर्जीने लिहिलेलं असतं तर पहिलं हेच गाळलं असतं, असं मला तरी वाटतं. प्रेषित पौल आपल्या पत्रात शास्त्राला परमेश्वरप्रेरित म्हणतो, म्हणजे देवाने हात धरून डिक्टेशन दिलं असं मी समजत नाही, शुभवर्तमान लिहिणारा लूक तर सुरुवातीलाच सांगतो की मी सगळ्याचा नीट शोध करून लिहितोय. माणसं आपल्या भाषेत, आपल्या स्वभावाने लिहीत होती आणि देव त्यातून बोलत होता.

आई हॉस्पिटलमध्ये होती तेव्हा भेटायला येणारे सगळे आशेची वचनं वाचायचे, 'परमेश्वर माझा मेंढपाळ आहे' वगैरे, आणि ती मान हलवून गप्प राहायची. एका रात्री मी बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतलं स्तोत्र 88 काढलं. बाकीची विलापाची स्तोत्रं बहुतेक करून शेवटी स्तुतीकडे वळतात, हे वळत नाही, देवाला 'तू तोंड का लपवतोस' असं विचारत विचारत संपतं, मूळ हिब्रूत शेवटचा शब्दच अंधार असा आहे. देवाने आपल्याविरुद्धची ही तक्रार आपल्याच वचनात राहू दिली ह्याचा अर्थ मला त्या रात्री लागला. आई म्हणाली, पुढचं वाच. म्हटलं, पुढे काही नाहीये गं, एवढंच आहे.

"मग हेच परत वाच," ती म्हणाली.