आर्टेमस वॉर्डची कबर शोधताना

बोस्टनजवळ राहायला आलो त्या पहिल्याच हिवाळ्यात ग्रंथालयात आर्टेमस वॉर्ड या जुन्या अमेरिकन विनोदी लेखकाचं पुस्तक हाती लागलं. पहिलं पान काही केल्या कळेना. एका अडाणी खेळवाल्याच्या तोंडचे शब्द त्याने कानाला ऐकू येतील तसेच लिहिले होते. शेवटी मोठ्याने वाचायला लागलो आणि सगळं उलगडलं. माझी मालवणची आजी पत्रं अशीच लिहायची, बोलते तशी, आणि बाबा ती आम्हाला मोठ्याने वाचून दाखवायचे. या माणसाच्या कबरीवर एकदा जाऊन यायचं, असं मी तेव्हाच ठरवलं.

पण मी आधी चुकीच्या देशात गेलो. एका जुन्या पुस्तकात त्याला लंडनच्या केन्सल ग्रीन दफनभूमीत पुरल्याचं वाचलं होतं. कामानिमित्त लंडनला गेलो तेव्हा एक अख्खी दुपार तिथे हिंडलो, पण कबर सापडली नाही. रात्री खोलीवर येऊन नीट शोधलं तेव्हा कळलं, की पुरलं तिथेच होतं. पण नंतर त्याला मायदेशी नेलं. कुणाला जायचं असेल तर चरित्राचं शेवटचं पान आधी वाचा.

त्याचं खरं नाव चार्ल्स फॅरर ब्राउन. जन्म 1834 चा, मेन राज्यातल्या वॉटरफर्ड गावचा. 1847 मध्ये वडील गेले आणि कोवळ्या वयातच तो छापखान्यात खिळे जुळवायला लागला. 1858 मध्ये क्लीव्हलँडच्या 'प्लेन डीलर' या वर्तमानपत्रात त्याने आर्टेमस वॉर्ड नावाने पत्रं लिहायला सुरुवात केली. हा वॉर्ड म्हणजे मेणाचे पुतळे घेऊन गावोगाव फिरणारा खेळवाला. यूटिका गावात एक प्रेक्षक चिडून त्याच्या यहूदाच्या, म्हणजे येशूला दगा देणाऱ्या शिष्याच्या, पुतळ्यालाच बडवतो, तो प्रसंग मला पाठ आहे. 22 सप्टेंबर 1862 ला लिंकनने मंत्रिमंडळाला आधी तोच लेख वाचून दाखवला, आणि मग गुलामांच्या मुक्तीच्या जाहीरनाम्याचा मसुदा पुढे ठेवला. इतक्या मोठ्या ओझ्याखाली असलेल्या माणसाला त्या क्षणी हे पान हवंसं वाटलं, हे मला फार मोठं वाटतं.

1866 मध्ये तो लंडनला गेला. तिथल्या इजिप्शियन हॉलमधली त्याची व्याख्यानं गाजली, पण क्षयाने गाठलं. 6 मार्च 1867 ला साउदॅम्प्टनमध्ये तो वारला. वय अवघं 32. आई तिकडे मेनमध्ये हयात होती.

एप्रिलमध्ये मी गाडी काढली. बोस्टनहून साधारण तीन तास. वॉटरफर्डला पोचलो तर सावलीतला बर्फ अजून वितळलेला नव्हता, कच्च्या रस्त्यांवर नुसता चिखल. गावातल्या दफनभूमीत बराच वेळ शोधलं. तिथे भेटलेल्या एका आजींनी सांगितलं, तो इथे नाही, साउथ वॉटरफर्डला एल्म व्हेलमध्ये आहे. तोवर अंधारलं होतं, म्हणून परत फिरलो.

जूनमध्ये पुन्हा गेलो. त्या दिवसांत तिकडे बारीक काळ्या माश्या फार चावतात. पूर्ण बाह्यांचा सदरा आणि डोक्याला रुमाल हवाच. एल्म व्हेल लहानशी, शांत जागा आहे. या खेपेला मी घाई केली नाही, ओळीने एकेक दगड वाचत गेलो. ब्राउन हे आडनाव दिसलं तेव्हा घसा दाटून आला. समुद्रापलीकडे गेलेलं पोर कुणीतरी आठवणीने घरच्या मातीत आणलं होतं.

फुलं नेली नव्हती, पुस्तक नेलं होतं. गवतात बसून यूटिकाचा तो लेख पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचला. यहूदाच्या पुतळ्यापाशी आलो तेव्हा नेहमीसारखंच हसू आलं.