काकांचं लिव्हर आणि पिशवीभर हळद

काकांच्या लिव्हरला कॅन्सरची गाठ निघाली आणि आठवड्याभरात नौपाड्याच्या घरात हळदीच्या कॅप्सूल, भुईआवळ्याची पावडर, गुळवेलीचा काढा असं सगळं जमा झालं, येणारा प्रत्येकजण काहीतरी घेऊन येणार आणि वर 'नॅचरल आहे, घ्यायला काय हरकत आहे' असं ऐकवून जाणार. आत्या तर रोज सकाळी तलावपाळीवरून बाटलीत हिरवा रस आणायची, कसला ते तिलाही बहुतेक माहीत नव्हतं.

मी बी.फार्म. झालेली, म्हणून सगळे मलाच विचारणार, झाडातून औषध निघतंच ना गं? निघतं की! कुंडीतल्या सदाफुलीतून व्हिन्क्रिस्टिन हे कॅन्सरचं औषध निघतं, आपल्या सह्याद्रीतल्या नरक्याच्या झाडात कॅम्पटोथेसिन असतं आणि त्याच्यावरून पुढे इरिनोटेकान हे कॅन्सरचंच औषध बनलं. लिव्हरच्या कॅन्सरचंच म्हणाल तर एपिमेडियम नावाच्या वनस्पतीतल्या इकॅरिटिनला चीनने 2022 मध्ये मान्यता दिलीये. पण हे सगळं वेगळं काढून, शुद्ध करून, मिलीग्रॅममध्ये मोजून देतात, व्हिन्क्रिस्टिन तर शिरेतूनच, पानं वाटून नाही.

हळदीचं तर अजून गमतीशीर. काचेच्या प्लेटमधल्या कॅन्सरच्या पेशी हळदीतल्या कर्क्युमिनने मरतात हे खरंय, पण तोंडाने घेतलं की रक्तात पोचतं अगदी नावाला, कारण आतडी आणि लिव्हर त्याची लगेच विल्हेवाट लावून टाकतात. म्हणून कॅप्सूलमध्ये मिरीतलं पाइपरिन घालतात. बंगळुरूच्या संशोधकांनी 1998 मध्ये 2 ग्रॅम कर्क्युमिनसोबत फक्त 20 मिलीग्रॅम पाइपरिन दिलं तर शोषण 20 पट वाढलेलं दिसलं. ते होतं कसं, तर लिव्हरचं विल्हेवाटीचं कामच पाइपरिन थोडं अडवतं. आता काकांना चालू आहे सोराफेनिब, म्हणजे लिव्हरच्या कॅन्सरची गोळी, त्याचा निचराही ह्याच आधीच दमलेल्या लिव्हरने करायचा, मग त्यात मिरीचा अडसर कशाला घालायचा सांगा?

गुळवेलीचं बोलले तर घरात भांडणच झालं. 2021 मध्ये मुंबईतल्याच डॉक्टरांनी गुळवेल घेऊन लिव्हरला इजा झालेल्या 6 पेशंटची माहिती छापली होती, आयुष मंत्रालयाला ते पटलं नव्हतं, पण ज्याच्या लिव्हरमध्ये आधीच गाठ आहे त्याच्यावर हा प्रयोग मी तरी करणार नाही.

शेवटी सगळी पिशवी उचलून खारघरला काकांच्या अपॉइंटमेंटला नेली. डॉक्टरांनी एकेक लेबल वाचलं, सगळं बंद करायला सांगितलं. काकूने घाबरत विचारलं, आमटीतली हळद? ती खुशाल घाला म्हणाले.

आत्या अजून माझ्याशी धड बोलत नाहीये.