सत्त्याऐंशी टक्के

बाबांच्या निवृत्तीसाठी बेचाळीस मिनिटांची फिल्म मी घरच्या कॉम्प्युटरवर जोडली. एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये, टाइमलाइनवर, ती झोकात चालत होती. एक्सपोर्टचं, म्हणजे सगळ्याची मिळून एक फाइल करायचं, बटण दाबलं, निळी पट्टी सरकायला लागली. 85, 86, 87. आणि थांबली. आतला पंखा घोंघावत होता, म्हणून वाटलं, काहीतरी चाललंय बिचाऱ्याचं. अर्ध्या तासानंतरही 87 च.

हा आकडा फार लबाड आहे. 12 टक्क्यांवर अडलं की माणूस लगेच चरफडत उठतो. 87 वर आशा सुटत नाही.

शेवटी मी ते बंद पाडलं. फोल्डरमध्ये दीड जीबीची फाइल होती, पण ती उघडेना. एमपी4 प्रकारच्या व्हिडिओ फाइलमध्ये कुठली फ्रेम, म्हणजे कुठलं सुटं चित्र, कुठे ठेवली आहे याची यादी बहुतेक वेळा सगळं झाल्यावर, शेवटी लिहिली जाते. म्हणजे छत्तीस मिनिटांचं चित्र डिस्कवर होतं, पण प्लेअरला त्याचा ठावठिकाणा कळायची सोय नव्हती.

दादाला फोन लावला.

“बंद करून परत चालू केलंस का?”

“केलं.”

“मग मला सांग, दर वेळी तिथंच अडतं, का जागा बदलते?”

मी एकदाच करून पाहिलं होतं. “आणखी दोनदा कर आणि आकडे लिहून ठेव,” म्हणाला. त्याचं गणित सोपं होतं. दर वेळी एकाच जागी अडलं तर खोट मालात: एखादी क्लिप, एखादा इफेक्ट, एखादा फोटो. जागा बदलत राहिली तर खोट मशीनमध्ये: उष्णता, मेमरी, वीजपुरवठा.

मी इमानेइतबारे वहीत लिहिलं. दुसऱ्यांदा 61, आणि त्या वेळी तर अख्खा कॉम्प्युटरच धाडकन बंद पडला. तिसऱ्यांदा 87. वहीकडे बघून दादा म्हणाला, “दोन आजार आहेत.”

पहिला आजार डोळ्यांना दिसला. कॅबिनेटची बाजू काढली तर प्रोसेसरवरच्या पंख्याखाली धुळीचा नमदा बसला होता, करडा, बोटानं सोलून निघेल असा. एरवी कॉम्प्युटर फारसं काही करत नाही, आपण टाइप करतो आणि तो वाट बघतो. रेंडरमध्ये, म्हणजे एक्सपोर्टसाठी एकेक फ्रेम तयार करताना, मात्र त्याला तासन् तास पूर्ण ताकदीनं राबावं लागतं. तापला की प्रोसेसर आधी स्वतःच वेग कमी करतो आणि तरीही भागलं नाही तर सगळं बंद होतं. साफ करण्याआधी तापमान 97 अंशांवर जात होतं. पंखा बोटानं धरून, रंगाच्या ब्रशनं सगळं झाडून काढल्यावर ते 78 वर थांबायला लागलं. त्यानंतर रेंडर सलग तीनदा 87 वर अडलं. बिघाड बघून इतका आनंद मला कधी झाला नव्हता.

आता दुसरा. मी आधी आळ घेतला मोबाइलवरच्या क्लिपांवर. मोबाइल प्रकाश बघून फ्रेमचा वेग मध्येच कमीजास्त करतो आणि एडिटिंगच्या सॉफ्टवेअरला ते रुचत नाही. एक अख्खी संध्याकाळ घालवून सगळ्या क्लिपा सरळ सेकंदाला 25 फ्रेमच्या करून घेतल्या. रेंडर 87 वरच राहिलं. पण मावशीचे ओठ आणि आवाज, जे दोन महिने एकमेकांशी फटकून होते, ते जुळले. तेवढीच कमाई.

मग निमूटपणे अर्ध्याचं अर्धं करायला बसले. बेचाळीस मिनिटं म्हणजे 63,000 फ्रेम. दर वेळी निम्म्या बाजूला काढल्या तर सोळा फेऱ्यांत एका फ्रेमवर पोचता येतं. मला तर 87चा पत्ता माहीत होता, त्यामुळे चार फेऱ्या पुरल्या. फ्रेम आवळून फाइलमध्ये लिहिणारा एन्कोडर थोडं पुढचं आधीच वाचून ठेवतो, म्हणून आकडा जिथे थांबला त्याच्या जरा पुढेच ते सापडलं: बाबांच्या ऑफिसचा जुना ग्रुप फोटो. पडद्यावर जेमतेम पाच सेकंद.

उत्साहाच्या भरात तो मी 1200 डीपीआयवर, म्हणजे इंचाला 1200 ठिपके घेऊन, स्कॅन केला होता. 12,000 बाय 9,000, म्हणजे 10 कोटी 80 लाख पिक्सेल. फिल्म 1920 बाय 1080ची, जेमतेम 21 लाखांची. फोटोवर हळू झूम दिलेला, रंगांचं काम दर घटकाला 32 बिटमध्ये. त्यात लाल, हिरवा, निळा आणि पारदर्शकता मिळून एका पिक्सेलला 16 बाइट लागतात, म्हणजे हा एकटा फोटोच पावणेदोन जीबी. माझ्या ग्राफिक्स कार्डकडे मेमरी सगळी मिळून दोन.

लहान करण्याआधी तो एकदा पूर्ण मोठा करून पाहिला. दुसऱ्या ओळीत डावीकडून तिसरे, बाबा. शर्टाचं वरून दुसरं बटण तुटलेलं, दोऱ्याचं टोक लोंबतंय. मग फोटो 3,000 पिक्सेल रुंद केला आणि एक्सपोर्ट दाबलं. 87 कधी गेलं ते कळलंही नाही, मी भांडी घासत होते.

फिल्म बाबांना आधी घरीच दाखवली. ग्रुप फोटो आला तसे ते पुढे सरकले, चष्मा वर-खाली केला आणि परत मागे टेकले.

“बरं झालं,” म्हणाले, “बटणाचं दिसत नाही.”