प्रबंधातली उसनी आकृती

संदर्भ दिला की परवानगीचं काम झालं, असं नागपूर विद्यापीठात पीएचडी करणारे बरेच जण धरून चालतात. तसं नाही. संदर्भ गाळणं ही वाङ्मयचोरी. न विचारता छापणं हा कॉपीराइटचा भंग.

वर्गापुरता कायदा तसा उदार आहे. १९५७च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ शिक्षक-विद्यार्थ्यांना शिकवण्याच्या ओघात प्रती काढू देतं. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६मध्ये अभ्यासक्रमाच्या झेरॉक्स संचांबाबत याच कलमाचा आधार घेतला. म्हणून नागपूरच्या बर्डीवर अख्खी पुस्तकं झेरॉक्स करून विकायला कोणी मोकळं झालं नाही, हे वेगळं सांगायला नको.

खरी गोची आकृत्यांची. प्रबंध शोधगंगेवर, म्हणजे भारतातल्या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर, चढला की सगळ्यांना खुला होतो. त्यामुळे जर्नलमधला आलेख जसाच्या तसा हवा असेल, तर त्या लेखाच्या पानावरची परवानगीची लिंक उघडा, वापर म्हणून ‘प्रबंध’ निवडा, आकृतीचा क्रमांक लिहा आणि आलेलं पत्र जपून ठेवा. बऱ्याचदा पैसे लागत नाहीत. लेख सीसी बाय (श्रेय देऊन वापरू देणाऱ्या क्रिएटिव्ह कॉमन्स) परवान्याचा असेल तर श्रेय, परवान्याची लिंक आणि केलेले बदल नोंदवले की भागतं. लेख स्वतःचा असला तरी हक्क प्रकाशकाला दिले असतील, तर आधी करार वाचा.

त्यापेक्षा मूळ आकडे घेऊन आलेख नव्याने काढा. नुसत्या आकड्यांवर कॉपीराइट नसतो, मांडणीवर असतो. रंग बदलून तोच आलेख चिकटवणं मात्र यात बसत नाही.