सातपैकी सात! (आणि दाभणाचं पाणी)

शेवटी वळला एकदाचा. घरी फ्लिप-डॉटचा फलक बनवतोय, म्हणजे एका बाजूने काळ्या, दुसऱ्या बाजूने पिवळ्या तबकड्या (डॉट), ज्या मागच्या इलेक्ट्रोमॅग्नेटने वळवायच्या. कॉलममधला चौथा डॉट, जो गेले तीन आठवडे पिवळा होऊन बसला होता आणि काळा व्हायचं नाव घेत नव्हता, तो काल रात्री साडेअकराला टक् करून वळला आणि मी एकटाच टेबलावर हात आपटून ओरडलो, मग आईने आतून विचारलं काय पडलं म्हणून.

मागच्या वेळी खिळ्यांचं रडगाणं गायलो होतो, म्हणजे कॉईलच्या आतला कोअर (गाभा) म्हणून खिळे वापरले होते त्याचं. खिळ्याचं लोखंड मऊ, पल्स (विजेचा क्षणिक झटका) गेला की चुंबकत्व पण गेलं, तबकडी अर्ध्या वाटेत. वर तबकडीतला निओडिमियमचा तुकडा त्या मऊ लोखंडाला आपल्याच बाजूने फितवतो आणि आहे तिथे चिकटून बसतो. फ्लिप-डॉटची सगळी गंमत कोअरच्या स्मरणशक्तीत आहे हो. पल्स दीड मिलिसेकंदाचा, तेवढ्यात तबकडी जेमतेम हलायला लागलेली असते, पुढचं सगळं काम पल्स गेल्यावर कोअरमध्ये जे चुंबकत्व उरतं ते करतं, आणि पुढचा पल्स येईपर्यंत धरूनही तेच ठेवतं, वीज शून्य. कॅनडातल्या फेरँटी-पॅकार्ड कंपनीत केन्यन टेलर यांनी हे १९६१च्या सुमारास जमवलं, आणि मी पुण्यात फ्लॅटच्या गॅलरीत बसून दाभणांशी झुंजतोय.

हो, दाभण. पोती शिवायचं. पोलाद हवं होतं, जाडी दोन-अडीच मिलिमीटर, आणि ते बोहरी आळीत मूठभर मिळालं, किंमत सांगायचीही गरज नाही इतकं स्वस्त. प्रत्येक डॉटला दाभणाच्या तुकड्यांचे दोन खांब, मागून लोखंडी पट्टीने जोडलेले, पट्टीवर ४० गेजच्या तारेचे ३०० वेढे... थांबा, हे आधी होतं, आता वेढे एका खांबावर घेतलेत, पट्टीवर गुंडाळताना तार कडेला कापली जायची. कॉईल सहा ओहम, सिरीजला बाराचा रेझिस्टर, १२ व्होल्ट सप्लाय, म्हणजे ड्रायव्हर चिपमध्येच खर्च होणारं व्होल्टेज (ड्रॉप) धरून साधारण अर्धा अँपिअर. त्याच्या वर जायचं नाही कारण यूएलएन २८०३ या ड्रायव्हर चिपचं एक चॅनल ५०० मिलिअँपपर्यंतच.

तर सात डॉटचा एक कॉलम जोडला. दुसरा, पाचवा, सहावा झकास. बाकीचे चार पिवळे ते पिवळेच. कधीतरी थरथरल्यासारखं करायचे, बस्स.

पहिला संशय ड्रायव्हरवर. तोही साहजिक, कारण तपकीर गल्लीतल्या एका दुकानातून (नाव घेत नाही) आणलेल्या पाच चिपांपैकी दोन जन्मतःच मेलेल्या निघाल्या होत्या. रो अदलाबदल करून पाहिल्या, दोष डॉटबरोबरच राहिला. मग डायोड, चौदाच्या चौदा काढून नवे लावले, एक संध्याकाळ गेली, उपयोग शून्य. मग कॉईल मोजल्या, सगळ्या ६.१ ते ६.४च्या आत. मग वाटलं पावसाळी हवा, तबकडीचं छिद्र फुगलं असेल, टाचणीच्या आसावर ग्रॅफाइट चोळलं, बोटं काळी झाली आणि डॉट पिवळाच. एका रविवारी तर चारही कॉईल उकलून परत गुंडाळल्या, हाताने, मोजत, २१७ला फोन वाजला आणि आकडा विसरलो, पहिल्यापासून. चौथ्या कॉईलला मी हा छंद सोडून बोन्साय करायचा विचार करत होतो.

उत्तर समोर होतं राव. पुसायला म्हणून कॉलम उजेडात आडवा धरला तर दिसलं की चालणाऱ्या तीन डॉटचे खांब काळे आहेत आणि रुसलेल्या चौघांचे चकचकीत.

काळे का, तर पहिले आठ खांब मी हँड ग्राइंडरने कापले होते. रात्रीचे दहा वाजले, वरच्या मजल्यावरून बेल वाजली, बरोबरच होतं त्यांचं. उरलेले सहा हॅकसॉने कापायला घेतले तर दाभण इतकं कडक की ब्लेडचेच दात गेले. म्हणून ब्यूटेनच्या टॉर्चने लाल करून, तसंच गार होऊ देऊन, मग कापले. आणि जोड्या लावताना दिसायला बरं दिसावं म्हणून काळ्याला काळा लावला. ही टापटीप केली नसती तर खांब मिसळले असते आणि मी अजून डायोडच बदलत बसलो असतो.

खालच्या मजल्यावरचे काका टूलरूममधून रिटायर झालेत. त्यांना दोन्ही तुकडे दाखवले. त्यांनी चष्मा वर केला, दोन्हींवर एकेकदा कानस फिरवली, नुसता आवाज ऐकला आणि म्हणाले, "अरे, याचं पाणी उतरवलंस तू. दुसऱ्याचं तसंच आहे."

झालं. पाणी दिलेलं (तापवून एकदम गार करून कडक केलेलं) पोलाद चुंबकत्व घट्ट धरतं, इतकं घट्ट की माझ्या अर्ध्या अँपिअरला ते उलटवता येत नाही. भरीला मी ते आठ तुकडे हरवू नयेत म्हणून मोठ्या मॅग्नेटला चिकटवून ठेवले होते, म्हणजे कायमचे एकाच दिशेने भारून टाकले होते स्वतःच्या हाताने! म्हणून सगळे पिवळ्यावरच अडकलेले. लाल केलेल्यांचं जुनं चुंबकत्वही पुसलं गेलं आणि कोअर्सिव्हिटीपण (चुंबकत्व उलटवायला लागणारा जोर) उतरली. खिळा फार मऊ, दाभण फार हट्टी, तापवून निवलेलं दाभण मधलं.

काल उरलेले आठही तापवले. काका म्हणाले राखेत निवू दे, हळू निवलं पाहिजे. फ्लॅटमध्ये राख कुठली, शेवटी कुंड्यांसाठी आणलेली गोवऱ्यांची राख कामाला आली. साडेअकराला सातपैकी सात.

बाकी घडामोडी थोडक्यात. तबकडीला थांबा दिलाय, आता ती पूर्ण १८० अंश वळत नाही, दहाएक अंश अलीकडेच थांबते. आधी अगदी सपाट बसायची आणि तिथे चुंबकाचा ध्रुव बदलला तरी वळायला पिळच मिळत नाही, बरोबर डेड पॉइंट. एका टाचणीच्या तुकड्याने काम झालं, यावर मी अजून खुश आहे. पिवळ्या रंगाला नंबरप्लेटवाल्या रेडियमच्या दुकानातला फ्लोरोसंट घ्या, रिफ्लेक्टिव्ह नको, तो समोरून उजेड पडला तरच चमकतो, एरवी मळकट. आणि सप्लायच्या बाजूची ड्रायव्हर चिप २९८१ शोधत फिरू नका, तोशिबाचा टीबीडी ६२७८३ बसतो तिथे, ड्रॉपही कमी. (ड्रॉप कमी म्हणजे करंट वाढणार, बाराचा रेझिस्टर बदलायला लागेल, हे आत्ता लिहिताना सुचलं.)

आता नवीन खोडी. तिसरा वळला की चौथा दचकतो. वळत नाही, पण दचकतो. अंतर २० मिलिमीटर आहे, ते २४ करणार होतो, पण भोसरीत लेझरने कापून आणलेली अॅक्रिलिकची फ्रेम वाया जाईल, जीव होत नाही. त्यापेक्षा दोन डॉटच्या मध्ये तुपाच्या डब्याचा पत्रा उभा केला तर? पण पत्रा म्हणजे परत मऊ लोखंड, तबकडीचा मॅग्नेट त्यालाच जाऊन चिकटेल... की उंची निम्मी ठेवली तर चालेल? उद्या एकाच फटीत घालून बघतो, फ्रेमचं मग ठरवू.

सात बाय पाचचा एक अंक झाला की घड्याळ करायचं होतं, देवनागरी आकड्यांचं. चौकटीच्या कागदावर काढून पाहिले, ४ आणि ७ सुंदर येतात, १ आणि ९ एकमेकांच्या गळ्यात पडतात. त्यामुळे बहुतेक सहा कॉलम. म्हणजे अजून ३५ कॉईल, म्हणजे अजून दाभणं. छत्रीच्या काड्या कुणी वापरून पाहिल्यात का? काका म्हणतात त्यातही चांगलं पोलाद असतं.

सध्या कॉलम हजार फेऱ्यांवर लावलाय. आत्ता ६४० चालू आहे, चौथा एकदाच चुकला, आणि तेव्हा माझा गुडघा टेबलाला लागला होता.