नुसती शोभेची मूठ

इंग्लंडमध्ये लेस्टरजवळ घर भाड्याने घेतलं तेव्हा मुलगा फोनवर म्हणाला होता, "आई, एकदम शांत भाग आहे." शांत म्हणजे किती, ते मी तिथे उतरल्यावर कळलं. सकाळी साडेनऊनंतर स्वयंपाकघरातल्या फ्रिजची घरघर ऐकू यायची. माझ्या कुकरच्या शिट्टीला मीच दचकायला लागले.

लंडन, एडिंबरा, ते गोल मांडलेले दगड, सगळं पाहून झालं. फोटो आहेत, घरी आलात तर दाखवेन. पण अडीच महिन्यांतले निम्म्याहून जास्त दिवस मी विग्स्टनमध्ये काढले आणि मला लिहायचंय ते तिथल्या एका संध्याकाळबद्दल.

विग्स्टन हे लेस्टरच्या दक्षिणेला सहा-सात किलोमीटरवर. एकेकाळचं खेडं, आता शहराला चिकटलेलं उपनगर. मध्ययुगातली दोन चर्चेस अजून उभी आहेत, दोघांनाही उंच निमुळते मनोरे, म्हणून पूर्वी गावाला 'दोन मनोऱ्यांचं विग्स्टन' म्हणत. बाकी सगळी विटांची, एका भिंतीला दोन घरं जोडलेली जोडघरं. तीन खोल्या वर, पुढे मूठभर अंगण, मागे लांबट बाग. भाडं महिना ११५० पौंड. मी मनातल्या मनात रुपये केले आणि मटकन खाली बसले. मुलगा म्हणाला, "लंडनमध्ये एवढ्यात एक खोली मिळाली तरी नशीब." वर कौन्सिल टॅक्स, म्हणजे आपल्या घरपट्टीसारखा कर, महिना दोनशेच्या आसपास, तो मात्र वर्षातले दहाच महिने. याला स्वस्त म्हणायचं, हे मला शेवटपर्यंत पटलं नाही.

आता ती संध्याकाळ. नोव्हेंबर २०२४ मधला गुरुवार. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं मागे गेलेली, त्यामुळे सव्वाचारलाच दिवेलागण. मुलगा आणि सूनबाई कामावर. दुसऱ्या दिवशी कचऱ्याची गाडी येणार होती. डबा आदल्या संध्याकाळी फाटकाबाहेर ठेवायचा असतो. मुलगा दमून येतो, म्हटलं आपण ठेवू. गाऊनवर स्वेटर, पायात मुलाच्या रबरी चपला, अशी मी बाहेर आले. चाकांचा उंच डबा गडगडत फाटकाबाहेर नेला. मागे दार लागल्याचा आवाज आला, साधाच, 'टक्'.

तिकडच्या या प्लॅस्टिकच्या दारांचं कोणी मला सांगितलं नव्हतं. नुसतं ओढून घेतलं तरी आतून सहज उघडतं. बाहेरची मूठ मात्र नुसती शोभेची, किल्लीशिवाय ती हलतच नाही. मी ती चार वेळा दाबली. मग दोन्ही हातांनी. सांगलीत आमचं दार सकाळी सहाला उघडतं ते रात्री दहाला मिटतं, मधल्या वेळात कोण कोण येऊन जातं याचा हिशेब नसतो. आणि इथे मी माझ्याच मुलाच्या घराबाहेर चोरासारखी उभी.

फोन आत. मुलाचा नंबर पाठ नाही. (तुम्हाला आहे का? आठवून बघा.) गॅस बंद होता एवढंच काय ते सुख.

रस्त्यावर चिटपाखरू नाही. घराघरांत पिवळे दिवे, पडदे ओढलेले. भिंतीला भिंत लागलेल्या शेजाऱ्यांकडे आधी गेले. दिवाणखान्यात दिवा होता, तीनदा वाजवलं, कोणी आलं नाही. नंतर कळलं, तो दिवा टायमरवर लागतो, चोरांना घरात माणूस आहे असं वाटावं म्हणून. चोराचं माहीत नाही, माझी फसगत झाली. पलीकडच्या घराची घंटा दाबली तर घंटाच बोलायला लागली. एका बाईचा आवाज, गोड, घाईतला. डब्यामागे पार्सल ठेवा, थँक यू. मी म्हणाले, मी पार्सलवाली नाही. तोवर ती गेली होती. ती बहुधा ऑफिसात बसून बोलत होती. मी गाऊनमध्ये त्या भिंतीवरच्या बटणासमोर हात जोडून उभी होते, ते तिच्या कॅमेऱ्यात नक्की उमटलं असणार.

पाय गारठले. डोळ्यांत पाणी आलं, थंडीचं की रागाचं ठाऊक नाही. राग मुलावर होता, त्या मुठीवर होता आणि खरं सांगायचं तर त्या शांततेवर होता. आणि तेवढ्यात वास आला. हिंग-मोहरीच्या फोडणीचा. समोरच्या ओळीत, चार घरं सोडून.

मी वासाच्या मागे गेले. दार उघडलं एका ठेंगण्या म्हातारीने. साडीवर जाड स्वेटर, पायात लोकरी मोजे. तिने मला आपादमस्तक पाहिलं आणि विचारलं, "चावी अंदर रही गई?"

मी मान हलवली. "आवो, आवो बेन," म्हणत तिने हाताला धरून आत ओढलं. पुढचे अडीच तास ती गुजराती, मी मराठी आणि अडलं तिथे दोघींची मोडकी हिंदी.

पहिलं काम म्हणजे चिठ्ठी. तिच्या नातवाच्या वहीचा कागद फाडून मी लिहिलं, 'समोर फोडणीच्या घरी आहे, घाबरू नकोस.' घराचा नंबरही लिहिला. तिची सून दारावर चिकटवून आली. मग चहा, आणि एक पांढरी तळलेली कांडकी, वर तिखट-लिंबू. मोगो म्हणतात. चार खाल्ल्यावर कळलं, हा कसावा, आपला साबुदाणा ज्याचा करतात तोच कंद. चतुर्थी नव्हती ते बरं, नाहीतर उपासाला चालतं का, यावर आम्ही रात्र काढली असती.

ही म्हातारी म्हणजे बा, मूळच्या युगांडातल्या जिंजाच्या. १९७२ च्या ऑगस्टमध्ये इदी अमीनने आशियाई लोकांना नव्वद दिवसांची मुदत दिली. सासऱ्यांचं कापडाचं दुकान होतं तसं सोडून निघाले. त्याच दिवसांत लेस्टरच्या नगरपालिकेने युगांडातल्या वर्तमानपत्रात जाहिरात दिली होती की इथे जागा नाही, येऊ नका. बांच्या नवऱ्याने ती वाचली होती. बा हसत म्हणाल्या, "ना पाडी, त्यारे तो खबर पडी के आवुं एक गाम छे!" नको म्हणाले, तेव्हा तर कळलं की असं एक गाव आहे!

इथे आल्यावर त्या होजिअरीच्या कारखान्यात लागल्या, मोजे-बनियनच्या. या भागाचा तो जुनाच धंदा. विग्स्टनमध्ये हाताने चालवायच्या यंत्रांवर मोजे विणणाऱ्यांचं एक घर संग्रहालय म्हणून जपलंय. शेवटचा मालक गेल्यावर मागच्या कारखान्याला कुलूप लागलं आणि यंत्रं वर्षानुवर्षं तशीच आत राहिली. बंद दारांचं या गावाला वावडं नाही, एवढं खरं.

बा आधी लेस्टरमधल्या बेलग्रेव्हला राहायच्या, जिथे आपली मिठाईची नि साड्यांची दुकानं आहेत. नवऱ्याला बाग हवी होती. शेजारचं ओडबी त्यांच्या भाषेत 'दुकानवाळांचं', ते परवडेना. म्हणून विग्स्टन.

निघायच्या बेताला माझं लक्ष जिन्याखालच्या पाटीकडे गेलं. सात खिळे, सात किल्ल्या, प्रत्येकीला वेगळ्या रंगाच्या लोकरीचा गोंडा. लाल समोरच्या नर्सची. निळी शेजारच्या एकट्या इंग्रज म्हाताऱ्याची. त्याचा पडदा सकाळी नऊपर्यंत सरकला नाही तर बा जाऊन बघून येतात. हिरवी त्या बोलक्या घंटेवालीची. मी इतका वेळ जिच्या दारात केविलवाणी उभी होते, तिच्या घराची किल्ली इथे खिळ्याला लटकत होती. गल्लीत कोणी कोणाशी बोलत नाही, अशी मी रोज सांगलीला फोनवर तक्रार करत होते.

सात वाजता मुलगा धावत आला, चिठ्ठी हातात. "आई, अगं..." एवढंच म्हणाला. बांनी त्यालाही मोगो खायला बसवलं आणि गुजरातीतून रागावल्या. दोन वर्षं झाली त्याला इथे येऊन, एकदाही दार वाजवलं नव्हतं त्याने. त्याने खाली मान घालून ऐकून घेतलं. मला बरं वाटलं, कारण मी बोलले असते तर भांडण झालं असतं.

शनिवारी आम्ही दुसरी किल्ली करून आणली. बांनी आठवा खिळा ठोकायला लावला आणि पिवळी लोकर शोधून दिली.

त्याआधी शुक्रवारी सकाळी कचऱ्याची गाडी आली. गल्लीतले सगळे डबे रिकामे झाले, आमचा जसाच्या तसा. इथे एका आठवड्याला एक डबा, पुढच्याला दुसरा. मी दुसराच ठेवला होता.