गिरोकार्डचा पिन येईपर्यंतचा सव्वा महिना

स्टुटगार्टला आलो तेव्हा खिशात पुण्याच्या बँकेचं व्हिसा डेबिट होतं आणि मला वाटत होतं, युरोप आहे, कार्ड कुठेही चालेल. सुपरमार्केटात चाललं. पण घराखालच्या बेकरीत काउंटरवर पाटी, ‘फक्त ईसी’. हे ईसी म्हणजे जुन्या युरोचेकचं नाव, ते चेक कधीच बंद झाले, 2007 पासून कार्डाचं नाव गिरोकार्ड आहे, पण लोकांच्या तोंडी अजून ईसीच. जर्मनीची स्वतःची डेबिट पद्धत आहे ही, दुकानदाराला व्हिसा-मास्टरकार्डपेक्षा साधारण स्वस्त पडते म्हणून छोटे दुकानदार तीच धरून बसलेत.

खातं उघडणं सोपं होतं. पत्त्याची नोंदणी झालेली होती, पासपोर्ट दाखवला, झालं. कार्ड शाखेतच हातात मिळालं. पिन मात्र पोस्टानेच येणार, वेगळ्या पाकिटात, सुरक्षेसाठी. तेही पटलं मला.

एक आठवडा गेला, दोन गेले. पिन नाही. शाखेत गेलो तर काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, थांबा, येईल. टॅप करून तरी चालेल का विचारलं, 50 युरोपर्यंत पिन लागत नाही ना, तर नाही, आधी एकदा कार्ड मशीनमध्ये घालून पिन टाकायचा, मगच टॅप सुरू होतं. म्हणजे कार्ड पाकिटात आणि ब्रेड घ्यायला सुटी नाणी शोधायची. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी नवा पिन मागवला, तोही आला नाही. पाचव्या आठवड्यात दुसऱ्या माणसाने कॉम्प्युटरवर बघून सांगितलं, दोन्ही पत्रं परत आली आहेत. पहिलं पत्र परत आल्याचं त्यांच्या स्क्रीनवर आधीपासून दिसत होतं, मी दोनदा विचारलं तेव्हा कुणीच बघितलं नाही! याचा राग अजून जात नाही.

कारण काय, तर लेटरबॉक्सवर माझं नाव नव्हतं. इथे फ्लॅट नंबरावर पत्र येत नाही, पोस्टमन आडनाव बघतो. पट्टीवर आधीच्या भाडेकरूंची दोन आडनावं तशीच होती. कागदावर आडनाव लिहून सेलोटेपने चिकटवलं आणि पाच दिवसांत पिन हजर. टॅक्स आयडीचं पत्रही तोवर आलं नव्हतं, तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं. तर नवीन येणाऱ्यांनो, चावी मिळाली त्याच दिवशी बेलवर आणि लेटरबॉक्सवर नाव लावा.

बेकरीत पहिल्यांदा पिन टाकला आणि मशीनमधून पावती सरकन बाहेर आली तेव्हा खरंच भरून आलं.

अजून एक, भारतातलं कार्ड आणणार असाल तर निघण्याआधी ॲपमध्ये इंटरनॅशनल वापर चालू करून घ्या, रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे नव्या कार्डांवर तो बंदच असतो.

आणि गिरोकार्ड फक्त जर्मनीपुरतं. कार्डावर दुसरा लोगो असेल तरच बाहेर चालतं, पूर्वी बहुतेकांवर माएस्ट्रो असायचा, पण जुलै 2023 पासून नवीन माएस्ट्रो कार्डं देणं बंद झालंय. फ्रान्सचं वेगळं कार्त बँकेअर, बेल्जियमचं बँकाँटॅक्ट, पोर्तुगालचं मल्टिबांको, डेन्मार्कचं डॅनकॉर्ट, प्रत्येकाचं आपापलं. माझं नुसतं गिरोकार्ड होतं. जर्मनीच्या सीमेवरच्या केल गावाहून ट्रामने ऱ्हाइन नदी ओलांडून फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गला गेलो, दहा मिनिटांचं अंतर, आणि तिथे कॉफीचे पैसे परत पुण्याच्या व्हिसानेच दिले. आल्यावर बँकेकडे व्हिसा डेबिट मागितलंय. पिन पोस्टानेच येणार आहे, पण आता लेटरबॉक्सवर नाव आहे.